बांजाच्या झाडावरचा चोर

झाडावरून दोन पाय लोंबत होते. एका पायात रबरी बूट, दुसऱ्यात नुसताच लोकरीचा मोजा. आणि त्या मोज्याला अंगठ्यापाशी हे एवढं भोक.

"ए! विळा आधी खाली टाक," मी ओरडले. "मग तू उतर."

 वरून आवाज आला... इतका निवांत, जणू मी त्याला चहालाच बोलावलं होतं.

"विळा नाहीये माझ्याकडे. माझा बूट पडलाय तिथे, तेवढा वर फेकता का? पाय पार गारठलाय."

बूट माझ्या पायाशीच होता. मी तो उचलून काखोटीला मारला. बंद जंगलात सापडलेल्या माणसाचा विळा आणि दोर जप्त करायचा, हा आमच्या गावाचा जुना कायदा. विळा नसेल तर काय जप्त करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी बूट जप्त केला.

त्या हिवाळ्यात माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. आमच्या मल्ला कुंज्यालीचं बांजाचं, म्हणजे पहाडी ओकचं, जंगल गावाच्या मालकीचं. गावच ते राखतं, आणि राखणदाराला आम्ही पतरौल म्हणतो. माझे वडील, म्हणजे बाज्यू, पंचवीस वर्षं पतरौल होते. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा सरपंचज्यूंनी काठी माझ्या हातात दिली. पण एका हिवाळ्यापुरतीच. "माघातल्या बैठकीत बघू," म्हणाले. जमलं तर ठीक, नाहीतर त्यांचा पुतण्या देबू गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलाच होता. पतरौलकी गेली की जंगलाच्या काठचं पतरौलचं घरही जाणार. त्या घरात मी जन्मले. त्याच घरातून ईजाला, माझ्या आईला, शेवटचं नेलं. ते सोडून खाली हल्द्वानी शहरात मामांच्या मागच्या खोलीत राहायचं, हा विचारही मला सहन व्हायचा नाही.

आणि नेमक्या त्याच पौषात नौल्याच्या वरच्या पट्ट्यातल्या फांद्या मोडायला लागल्या. नौला म्हणजे आमचा दगडी झरा, सगळं गाव त्याचं पाणी पितं. पाणी आटायला लागलं म्हणून त्याच्या वरचा बांजांचा पट्टा पाच वर्षं बंद केलेला. तिथे कुणी विळा लावायचा नाही. तरी दर दोन-तीन दिवसांनी एखाद्या झाडाचा शेंडा बोडका दिसायचा, आणि खाली पाल्याची काडी नाही. चोर कुठला, यावर गावाचं एकमत होतं. डोंगराच्या खालच्या अंगाला तल्ला कुंज्याली आहे. त्यांचे बांज कधीच संपले, नुसती चिडाची, म्हणजे पाइनची, झाडं उरली, आणि चिडाच्या सुया काही म्हैस खात नाही. मग हिवाळ्यात त्यांच्या बाया आमच्याकडे डल्ला मारतात. आमच्या गावात मोडकी फांदी दिसली की शेंबडं पोरसुद्धा "तल्ला!" म्हणतं.

तो उतरला. पाठीला पोतं, केसांत शेवाळ, आणि पकडलं गेल्याची लाज चेहऱ्यावर औषधालासुद्धा नाही.

"गाव?"

"तल्ला कुंज्याली."

"वाटलंच."

"नाव कुंदन. तुमचं?"

"पतरौल."

"घरीसुद्धा पतरौलच म्हणतात?"

मी गाल आतून चावला. हसले असते तर सगळा रुबाब गेला असता.

पोत्यात पाला नव्हता. बोटाच्या पेराएवढी, टोप्या घातलेली बांजाची फळं होती. त्याने म्हणे तल्ल्याच्या उतारावर रोपवाटिका घातली होती, आणि आमच्या झाडांचं बी लावून त्यांचा डोंगर पुन्हा बांजाचा करायचा होता.

"किती वर्षं लागतील त्याला?"

"पंधरा... वीस."

"आणि तोवर?"

"तोवर तुमच्या शिव्या खायच्या." मग तो गंभीर झाला आणि त्याने वर बोट केलं. "ते बघितलंत का? फांद्या कापलेल्या नाहीत, मोडून आत ओढल्यात. वर बसायला बैठक केल्यासारखं झालंय. माणूस असं नाही करत."

"मग कोण करतं?"

"अस्वल."

आता मात्र मला हसू फुटलं. आमच्या धारेवर, या डोंगराच्या कण्यावर, अस्वल! त्यापेक्षा हत्ती म्हणाला असता तरी चाललं असतं.

"चला," मी म्हणाले. "हे बाज्यूंना सांग. त्यांना बऱ्याच दिवसांत करमणूक नाही."

मी पुढे, तो मागे लंगडत. दहिवर गोठून वाट चुन्यासारखी पांढरी झालेली. त्या मोज्यातल्या पायाचे काय हाल झाले असतील ते मला कळत होतं. पण मी बूट दिला नाही. अर्ध्या वाटेवर दिला... पण माझाच पाय दुखतोय म्हणून थांबलेय, असं भासवून.

बाज्यू अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी कुंदनला आपादमस्तक न्याहाळलं, चहाचा पेला दिला, गुळाचा खडा दिला. गूळ दाताखाली धरून चहा पिण्याची त्याची पद्धत त्यांना पसंत पडली असावी, कारण त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. अस्वलाचं नाव निघालं आणि त्यांना ठसकाच लागला.

"अरे, शेवटचं अस्वल मी या धारेवर पाहिलं तेव्हा ही पाळण्यात होती! पंचवीस वर्षं मी या जंगलातली पानं पायाखाली घातलीत. मला शिकवतोस?"

"नाही बूबू," कुंदन म्हणाला.

"बूबू? मी काय तुझा आजा दिसतो?"

"नाही... म्हणजे, काका."

"हं." बाज्यूंनी मिशी पुसली. "बी न्यायला हरकत नाही. बीने म्हैस पोसत नाही कुणी. पण झाडावर पाय ठेवायचा नाही. पडलेली फळं वेचायची, आणि तीही पतरौलच्या नजरेसमोर."

पतरौलने, म्हणजे मी, कपाळाला आठ्या घातल्या. आतून मात्र काहीतरी टुणकन उडी मारून गेलं, आणि त्याला मी दिवसभर रागवत राहिले.

मग तो रोज यायला लागला. सूर्य धारेवर चढायच्या आत, तोंडातून वाफा सोडत, खालच्या वाटेने.

माझी फेरी ठरलेली होती: घरामागचे तीन जुने बांज, मग उतारावरचे लाल फुलांचे बुरांश, मग नौल्याचा पट्टा. मी जमिनीकडे बघत चालते. बाज्यूंनी तसंच शिकवलंय. कालीज कोंबड्यांनी पाचोळा कुठे उकरलाय, काकड, म्हणजे भेकर, कुठल्या झुडपाचे शेंडे खाऊन गेलंय, कुठली वाट बाघाने आपली म्हणून खुणेने बांधलीय. कुंदन मात्र सारखा वर बघत चालायचा आणि ठेचकाळायचा.

"तुझं लक्ष कुठे असतं?"

"तिसऱ्या फांदीवर. तिथे मागच्या वर्षीची फळं अजून आहेत." मग हळूच, "आणि मधेमधे... खाली."

"खाली काय आहे?"

"पतरौल आहे ना."

मी काठी आपटली. झाडावरचं मांजराएवढं चुथरौल दचकून पळालं, त्याचा पिवळा गळा उन्हात लखकन चमकला. आम्ही दोघांनी एकदमच "बघ!" म्हटलं आणि दोघांनी एकमेकांचा कोट धरला. सोडायला जरा उशीरच झाला.

त्याच्यामुळे मला कळलं की पाण्यात टाकलेलं बी तरंगलं तर ते पोकळ, बुडलं तर खरं. माझ्यामुळे त्याला कळलं की लंगूर फळं खाली टाकतात तिथे काकड हमखास येतं. एका सकाळी घरामागच्या बुरांशावर एकच कळी वेळेआधी फुटलेली दिसली, लालभडक, बाकी सगळं झाड मुकं. तो बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला.

"घाई झाली हिला," मी म्हणाले. "दहिवर गोठलं रात्री की करपेल."

"करपू दे. फुलली तर खरी," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं... मी घाईघाईने बुटाची नाडी बांधायला वाकले. रबरी बुटाला नाडी नसते, हे लक्षात आलं तेव्हा तो पुढे निघून गेला होता. निदान हसत तरी नव्हता.

मला तो आवडायला लागला होता. सरळ सांगते, आडपडदा कशाला? सकाळी चुलीशी बसले असताना खालच्या वाटेवर दगड घरंगळला की माझ्या हातातली मडुव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी वाकडी व्हायची.

गावात हे लपून राहणार थोडंच! उत्तरायणीनंतर एका दुपारी बाया आमच्या अंगणात उन्हाला जमल्या. मोठी पहाडी लिंबं सोलून त्यात दही, गूळ आणि भांगेच्या बियांचं वाटण कालवलेलं. सगळ्यांची बोटं चिकट, आणि जिभा सुटलेल्या.

"काय गं खष्टी," परुली काखी, सगळ्या गावाची काकू, बोटं चाटत म्हणाली, "हल्ली तुझ्या जंगलात तल्ल्याचा कुठलासा पक्षी रोज उतरतो म्हणे?"

"बी वेचतो तो."

"वेचू दे, वेचू दे. बीसुद्धा वेचू दे आणि पतरौलसुद्धा वेचू दे!"

बाया फिदीफिदी हसल्या. परुली काखी म्हणजे सगळ्या मल्ल्याची तोफ. तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. तिचा मोर्चा लगेच आपल्या म्हशीकडे वळला. यंदा म्हशीला दूध असं काही सुटलंय, नुसतं लोणी!  बाकीच्या बायांच्या म्हशी सुक्या गवतावर खंगत होत्या.

"बांजाच्या पाल्याशिवाय असं दूध?" कुणीतरी विचारलं.

"नशीब असतं एकेकाचं," काखी म्हणाली, आणि लिंबाची फोड तोंडात टाकली.

फांद्या मात्र मोडतच होत्या. आता देबू उघडउघड बोलायला लागला. पतरौल चोराला हाताशी धरून जंगल दाखवत फिरते, मग फांद्या मोडणार नाहीत तर काय! पाण्याच्या हंड्यांबरोबर ही बातमी घरोघर गेली. माझी काठी माघापर्यंतच आहे हे आता लोक माझ्या तोंडावर सांगायला लागले.

बैठकीच्या चार दिवस आधीची पहाट. धुकं इतकं दाट की घरामागचे बांजही दिसेनात. आम्ही नौल्याच्या पट्ट्याशी पोचलो आणि कुंदनने एकदम माझा हात धरला.  त्याने वर बघितलं.

झाड हलत होतं. वारा नव्हता, तरी ते एकच झाड हलत होतं. कडाड करून फांदी मोडली, आत ओढली गेली, आणि धुक्यातून एक काळा गोळा आकाराला आला... गोल कान, छातीवर पांढरी चंद्रकोर. ते मांडी घालून बसलं होतं, आणि फळं एकेक करून इतक्या नेटकेपणाने सोलत होतं की मला बाज्यूंचं शेंगा खाणं आठवलं. मोडलेल्या फांद्या ते बुडाखाली घेत होतं. एक निसटली आणि धप्पकन आमच्यापासून दहा पावलांवर पडली.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं. वीस वर्षांनी आमच्या बांजांवर अस्वल आलं होतं! जंगल एवढं दाट झालं होतं, एवढं फळलं होतं, की ते परत आलं होतं.

"तू खरं बोलत होतास," मी कुजबुजले.

"तुझ्याशी मी खोटं बोलणारच नाही," तो म्हणाला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. मी ती माझ्या कोटाच्या खिशात घेतली, आणि अस्वल पोटभर खाऊन उतरेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.

त्याने मोबाइलवर फोटो काढला होता. तो सरपंचज्यूंना दाखवला. फोटोत धुकं, आणि धुक्यात एक काळा डाग.

"ही तर परुली काखीची म्हैस," देबू म्हणाला.

"म्हैस झाडावर चढते?"

"फोटोत झाड कुठेय?"

झाड खरोखरच नव्हतं फोटोत. जमीन दगडासारखी गोठलेली, ठसा एक नाही. खाली पडलेली फांदी आणायला मी धावत परत गेले, तर तीही गायब! सरपंचज्यूंनी चष्मा पुसला. "पोरी, तुझे बाज्यूच म्हणतात, इथे अस्वल नाही. आता बैठकीतच बघू."

बैठकीच्या आदल्या दुपारी कुंदनने मला घरामागे गाठलं. अस्वलाने झाडावर रचलेल्या फांद्यांतली एक मोडकी फांदी आम्ही उतरवून आणली होती. बाज्यूंचा नियम मी पहिल्यांदाच मोडला, त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढले. खोडावर पाच-पाच नखांचे ओरखडे होते, माझ्या तळव्याहून मोठे. पण झाड काही बैठकीला नेता येत नाही, आणि देबू म्हणणार, ओरखडे तूच विळ्याने काढलेस.

"मला एक सुचलंय," कुंदन म्हणाला. "उद्या मला पकड."

"काय?"

"मी कबूल करतो, फांद्या मीच तोडल्या. पतरौलने चोर पकडला. मग काठी तुझीच, घर तुझंच. माझं काय जातंय? चार शिव्या खाईन."

"वेडा आहेस का तू? तल्ल्याचा चोर म्हणून शिक्का बसला की मल्ल्यातलं एक माणूस तुला कधी उंबऱ्यात उभं करणार नाही!"

त्याने माझ्या हातातल्या फांदीवरून बोट फिरवलं.

"आणि... उभं करावं, असं वाटतं का तुला?"

  मी फांदी छातीशी धरली आणि घरात पळाले. दार लावल्यावर म्हटलं, "हो." दाराला सांगून काय उपयोग!

बैठक नौल्याच्या चौथऱ्यावर भरली. कोवळं ऊन, सगळा मल्ला गोळा झालेला. बाज्यूसुद्धा दोन काठ्या टेकत खाली आलेले. देबूने बोडक्या झाडांची यादी वाचली, एकूण चौदा. प्रत्येक झाडाबरोबर माझी मान खाली जात होती. ती सगळी झाडं मला पाठ होती.

"बोल खष्टी," सरपंचज्यू म्हणाले. "एक हिवाळा दिला होता तुला. चोर कुठेय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीमागून आवाज आला.

"इथे आहे. मीच तोडल्या."

कुंदन पुढे आला. मान ताठ, कान लालबुंद. देबूचं तोंड जिलबीसारखं गोड झालं. "बघा! मी काय म्हणत होतो?"

आणि मला असा काही संताप आला म्हणता! आदल्या दिवशी बंद झालेलं माझं तोंड आता एकदम उघडलं.

"खोटं बोलतोय हा! साफ खोटं!"

"अगं, चोर स्वतः कबूल करतोय..."

"थांबा." मी परुली काखीच्या कमरेचा विळा ओढून काढला आणि कुंदनच्या हातात कोंबला. आणलेली फांदी त्याच्यापुढे धरली. "काप. इथे, सगळ्यांसमोर काप!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने विळा मारला. फांदीचं टोक सफाईने, तिरकं तुटलं. ते मी सरपंचज्यूंच्या एका हातात दिलं, आणि तिचं मोडकं बूड दुसऱ्या हातात.

"विळ्याचा घाव असा दिसतो. आणि हे बघा. साल लोंबतेय, लाकूड पिळवटलंय, आणि हे दातांचे खळगे. हे याच्या तोंडात बसतात का बघा. उघड रे तोंड!"

कुणीतरी खुदकन हसलं. सरपंचज्यूंनी बूड उन्हाला धरून फिरवलं.

"पण पाला?" देबू म्हणाला. "अस्वल पाला बांधून घरी नेतं की काय? झाडाखाली एक फांदी सापडली नाही आजवर!"

ती पडलेली फांदी कुठे गेली, हे मलाही अजून कळलं नव्हतं.   सगळं हातातून निसटत चाललं होतं, आणि कुंदन पुन्हा म्हणाला, "मी नेला पाला. मलाच लिहा."

"पुरे!"

ती परुली काखी होती. पदर खोचून उभी राहिली, पण नेहमीची तोफ कुठेतरी हरवलेली.

"त्याने नाही नेला. मी नेला." तिने जमिनीकडे बघत सांगितलं. "मी विळा नाही लावला, देवीशपथ! पहाटे पाण्याला येते तेव्हा फांद्या खाली पडलेल्या असायच्या. आयत्या. मला वाटलं, तल्ल्याचे चोर तोडून पळालेत, आपण उचलल्या तर काय बिघडलं? म्हैस व्यायलेली होती... आता हे परकं पोर माझ्या वाटचं पाप डोक्यावर घेतंय, आणि मी गप्प बसू?"

"आयत्या पडलेल्या?" बाज्यू एकदम म्हणाले. "चोर तोडेल आणि टाकून जाईल? जीव धोक्यात घालून?"

बाज्यू दोन काठ्या टेकत उठले आणि नौल्याच्या वरच्या पट्ट्याकडे चालायला लागले. त्यांच्यामागे सरपंचज्यू, त्यांच्यामागे सगळा गाव. पहिल्याच झाडाशी बाज्यू थांबले. त्यांनी खोडावरच्या ओरखड्यांत आपली पाच बोटं ठेवली. बोटं पुरली नाहीत. त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, आणि वळले तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी.

"अस्वलच आहे. पंचवीस वर्षं मी जमीनच बघत बसलो. माझ्या पोरीने वर बघितलं." मग आवाज चढवून, "काठी कुणाकडे राहणार, सरपंच?"

"ते काय विचारायचं!" सरपंचज्यू हसले. "काठी खष्टीची. घर खष्टीचं. देबू, तू उद्यापासून नौला साफ कर, फार यादी वाचतोस."

बायांनी एकच गलका केला. परुली काखीने मला असं आवळलं की माझ्या बरगड्या वाजल्या. मी जिंकले होते! त्या चौदाही झाडांना मिठ्या माराव्यात असं वाटत होतं.

तेवढ्यात सरपंचज्यूंनी हात वर केला. "एक राहिलं. ए पोरा, तू न केलेली चोरी का रे कबूल केलीस?"

कुंदनने मान खाली घातली. कानांची लाली आता गळ्यापर्यंत आली.  बायांची कुजबुज सुरू झाली, कुणीतरी कुणाला कोपर मारलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं की हा माणूस आता जन्मभर गप्प राहील, पण माझं नाव घेणार नाही.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "काठी माझ्याकडे राहावी म्हणून तो खोटं बोलला. आता मी खरं सांगते. मला हा आवडतो. रोज पहाटे मी अस्वलाची वाट बघत नव्हते, याची वाट बघत होते!"

बाज्यूंची एक काठी खाली पडली. ती कुणी उचललीही नाही.

"वा गं!" देबू म्हणाला. "म्हणजे लग्न करून ही चालली तल्ल्याला. मग पतरौल कोण?"

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे मुलगी जाते, घर मागे राहतं. असंच चालत आलंय. सरपंचज्यूंनी पुन्हा चष्मा काढला.

"ती कुठेही जात नाही," कुंदन म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मी येतो."

"घरजावई?" देबू फिस्सकन हसला. "तल्ल्यात तुला तोंड दाखवता येईल का?"

"येईल. रोपवाटिका तिथेच आहे, रोज जाईन. आणि रोज संध्याकाळी घरी येईन, हिच्याकडे." मग तो माझ्याकडे वळला, आणि सगळा गाव ऐकत असताना अगदी हळू विचारलं, "येऊ ना... खष्टी?"

या वेळी मध्ये दार नव्हतं.

"ये," मी म्हणाले, आणि सगळ्या मल्ल्यासमोर त्याचा हात धरला.